शतावरीचा डबा

चिखली, दि. ९ जानेवारी २०२५

अखंडसौभाग्यवती, वडनेरनिवासिनी, भगवानरावगृहलक्ष्मी कोकिळा हिला ज्येष्ठ बंधू हिंमतराव याचे साष्टांग आशीर्वाद. आशीर्वाद साष्टांग देता येत नाहीत, हे मी दरवर्षी नववीच्या वर्गाला शिकवतो. पण एकशे चौदा मानपत्रे लिहून झालेल्या हातातून आता विशेषणाविना वाक्य बाहेर पडत नाही. गंगाभागीरथी हे विशेषण तुझ्या सासूबाई रुख्मिणीबाई यांच्यासाठी राखीव असल्याने त्यांना मनातल्या मनात वेगळा नमस्कार.

बसचा वाहक कारभारी याने काल रिकामा डबा आणून दिला. शतावरी कल्पाच्या त्या वंदनीय डब्याच्या तळाशी, पुठ्ठ्याच्या चकतीखाली, तुझी चिठ्ठी निघाली. भाऊबीजेला मी तुला त्या मोठ्या डॉक्टरांकडे पुन्हा नेण्यास नकार दिला आणि तू ओवाळणी न घेता निघून गेलीस, तेव्हापासूनचा अबोला त्या चिठ्ठीने सुटला, याबद्दल चकतीचे आभार. फोन केला असतास तर सासूबाईंचे दोन्ही कान मध्ये आले असते. नऊ वर्षे आपला पत्रव्यवहार गोळ्यांच्या संगतीने प्रवास करतो; कालिदासाने मेघ पाठवला, आपण आगाराची बस पाठवतो.

तू लिहितेस: "भाऊ, शेणाची पाटी उकिरड्यापर्यंत नेली तरी छाती आवळल्यावानी होते. थांबलं का बरं वाटते. नांदुऱ्याचा डॉक्टर म्हने पित्त हाय, छत्तीस वर्साच्या बाईले काऊन हार्टचं होईन? पन त्यानं इचारलं, जुना कागद हाय का. औरंगाबादच्या डॉक्टरनं तुह्याजोळ देल्ला होता तो कागद धाड."

भगिनी, नांदुऱ्याच्या त्या धन्वंतरींचे निदान मला मान्य आहे. अम्लपित्त हा आपल्या कुळाचा एकमेव अविभाजित वारसा होय. वडील गेले तेव्हाही ढेकर देऊनच गेले. कागदाचे म्हणशील, तर २०१६ नंतर या घराला दोनदा रंग दिला गेला. त्या स्थित्यंतरात अनेक मौल्यवान दस्तऐवज गहाळ झाले. तोही त्यांत असावा.

आणि कागदात होते तरी काय? त्या डॉक्टरांनी तुझ्या व्याधीचे नाव ल्युपस असे सांगितले, त्याचा अर्थ लांडगा असाही खुलासा केला, आणि मी बसमध्ये बसेपर्यंत तिचे 'वृकव्याधी' असे नामकरणही करून टाकले. देहाच्या राखणदारांनी देहालाच चावावे, असा हा विकार. त्याने तुझ्या दोन्ही गालांवर फुलपाखराच्या आकाराचा लाल डाग उमटवला होता. स्थळाकडे पाठवायच्या तुझ्या परिचयपत्रात मी लिहिले: 'वर्ण गौर, कपोल आरक्त, प्रकृती उत्तम.' चार-चार गोळ्यांनी बघण्याच्या दिवशी तू अशी टवटवीत झालीस की भगवानरावांनी पोह्यांना हातही लावला नाही. लग्ने अशी जमतात. सत्य हे अलंकाराविना समाजात हिंडू शकत नाही.

गोळ्या पूर्ववत, शतावरीत पुरलेल्या. सकाळी दोन, सायंकाळी दोन. सासूबाईंनी विचारल्यास 'शक्तीच्या' म्हणावे. ज्या माउलीला स्वतःच्या म्हशी मोजताना दोनदा बोटे धरावी लागतात, तिच्यापासून गोळ्यांचे रहस्य लपवणे कठीण जाऊ नये.

तुझा,
हिंमतराव
संस्कृताध्यापक, मानपत्रकार, चिखली-तालुका-भूषण (ही पदवी मीच मला दिली, कारण इतर सर्वांना मीच देतो)


चिखली, दि. २३ फेब्रुवारी २०२५

अखंडसौभाग्यवती कोकिळा हिला सप्रेम आशीर्वाद.

एक मंगल वार्ता. तुझी भाची चि. प्रेरणा हिचा विवाह बुलढाण्याच्या पंजाबरावांच्या चिरंजीवाशी निश्चित झाला. मुहूर्त अक्षय्य तृतीयेचा, म्हणजे ३० एप्रिल. परिचयपत्र अर्थातच मी लिहिले. त्यातील 'पिढ्यानपिढ्या निरोगी घराणे' ही ओळ पंजाबरावांना एवढी आवडली की त्यांनी ती मोठ्याने दोनदा वाचली. त्यांची सख्खी बहीण तुमच्याच वडनेरात, ग्रामपंचायतीच्या मागच्या आळीत, दिलेली आहे.

हे मी का सांगतो, ते तुझ्या लक्षात आले असेल. तुझी चिठ्ठी माझ्यासमोर आहे. "भाऊ, आता मी घरी सांगून टाकते. मले लय भेव वाटून राह्यलं. तू कागद देत नाहीस तं मी यायलेच सांगते का मले काय हाय." 'यायले' म्हणजे आमच्या मेहुण्यांना, हे व्याकरण मला कळते. पण त्यानंतर काय होईल? भगवानराव तुझ्या सासूबाईंना सांगतील. सासूबाई विहिरीवर सांगतील. विहिरीवरून ती वार्ता ग्रामपंचायतीच्या मागच्या आळीत जाईल. तिथून बुलढाणा केवळ एका फोनच्या अंतरावर आहे. मग 'पिढ्यानपिढ्या' या शब्दाचे काय करायचे, ते तूच सांग. ज्या मुलीची आत्या रक्ताच्या रोगाने ग्रस्त, ती मुलगी कोण करून घेईल?

दोन महिने थांब. हृदय नावाचे इंद्रिय अत्यंत सोशिक असते. त्याविषयी एवढे लिहिले गेले आहे, तरी ते काम सोडत नाही.

आणखी एक, मन मोकळे करण्यासाठी. कागद सापडला. मोठ्या शब्दकोशात होता. 'निरोगी'ला काही भारदस्त पर्याय मिळतो का ते पाहत होतो, तर तो खाली गळून पडला. मी तो पाठवत नाही, कारण घडी जाड आहे आणि चकतीखाली फुगवटा येईल. त्यात विशेष काही नाही. मीठ कमी, रोज चालणे, उन्हात काम टाळावे, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल वर्षातून दोनदा पाहावे, वगैरे. उरलेला मजकूर म्हणजे वैद्यकीय पाल्हाळ. डॉक्टर मंडळींना भीतिरस फार प्रिय असतो.

उन्हात काम टाळण्याविषयी: कपाशी वेचायला जाताना पदर पुढे घ्यावा.

तुझा,
हिंमतराव
संस्कृताध्यापक, वधूपिता


चिखली, दि. १९ मार्च २०२५

चि. सौ. कोकिळा, आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी वाचून मी स्टाफरूममध्ये मोठ्याने हसलो, आणि विचारणाऱ्यांना काय सांगावे ते सुचेना. "चढ चढलं का डाव्या जबड्यात कळ येते. दाताच्या डॉक्टरनं पाह्यलं, दाढ काढली. चांगली दाढ होती भाऊ. आता दाढ नाही, कळ हायेच."

निरपराध दाढेचे हे बलिदान इतिहासात नोंदवण्याजोगे आहे. मी तिच्यासाठी मानपत्र लिहायला तयार आहे: 'छत्तीस वर्षे अविरत चर्वणसेवा करून, अन्याय्य आरोपाखाली पदच्युत झालेल्या...' राहू दे. तुला हसू येत नसेल.

तू विचारतेस, नऊ वर्षे चारच गोळ्या काऊन? शेजारच्या बाईच्या मुलीला दम्यासाठी ह्याच गोळ्या दिल्या, तर आठ दिवसांनी बंद केल्या, असे तू म्हणतेस. प्रमाणाचा विचार मी लग्नानंतर सविस्तर करीन. तूर्त एवढेच लक्षात घे की चार गोळ्यांनी सांधे दुखत नाहीत, गाल आरक्त राहतात, आणि चेहरा पौर्णिमेसारखा गोल होतो. तुझ्या सासूबाई 'आमच्या घरी येऊन सून कशी भरली' म्हणून चारचौघांत मिरवतात, असे कारभारी सांगतो. ज्या घरात सून भरते त्या घराची कीर्ती वाढते. तेव्हा चारच.

दुसऱ्या, पिवळ्या गोळीबद्दलही तू छेडले आहेस. ती मी २०१८ सालीच थांबवली, हे तुला आठवत असेलच. तिच्यासाठी दरवर्षी डोळे तपासावे लागतात. डोळे तपासायला कारण सांगावे लागते. कारण सांगितले की परिचयपत्र खोटे ठरते. मी तिला अनावश्यक ठरवले. त्या गोळीने रक्तवाहिन्यांचे काहीसे रक्षण होते, असे कागदावर एका ओळीत आहे खरे. पण आपल्या आजीने कोणत्या वाहिनीचे रक्षण केले होते? ती ब्याण्णव वर्षे जगली.

लग्नाला आदल्या दिवशी यावे. करवलीचा मान तुझा. कऱ्हा-दिवा घेऊन प्रेरणाच्या मागे तूच उभी राहायचीस. गालांना पावडर, पूर्ण बाह्यांचे पोलके, आणि तक्रार शून्य. वधूचा कक्ष कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. हळू चढ.

तुझा,
हिंमतराव


चिखली, दि. १३ मे २०२५

कोकिळे,

काल तुझी तेरवी झाली. आज सकाळी मी तुला लिहिलेले पत्र डब्यात घालून बसस्थानकावर गेलो. कारभारी डबा हातात घेऊन उभा राहिला. "मास्तर," म्हणाला, "उतरवू कोनाकडं?" मी डबा परत घेतला. तो आता टेबलावर आहे आणि मी पत्र पुन्हा लिहीत आहे, कारण पहिल्यात विशेषणे फार होती.

काय झाले ते तुला अर्धेच ठाऊक आहे. अर्धे मी सांगतो.

तू त्या दिवशी तीनदा जिना चढलीस. रुखवताचे ताट, मग विसरलेली मुंडावळ, मग कऱ्हा. तिसऱ्या खेपेला पाचव्या पायरीवर बसलीस. पावडरीतून घाम ओघळत होता. भोवती पाहुणे होते, पंजाबराव होते. सगळे तुझ्याकडे पाहत होते, आणि मला भीती वाटली की कोणीतरी विचारील. म्हणून मी मोठ्याने म्हणालो, "आमच्या कोकिळेचे वडनेरच्या दुधातुपाने गजलक्ष्मीत रूपांतर झाले आहे, आता तिला जिना नको, अंबारी हवी." सगळे हसले. तूही हसलीस. तोंडावर पदर धरून हसलीस, कठडा धरून उठलीस आणि वर गेलीस. विनोद चांगला जमला होता. पंजाबरावांनी पुढे दोघांना सांगितला.

तीनच्या सुमारास तुम्ही जीपने निघालात. मी तुला थांब म्हणालो नाही. सव्वाचारला भगवानरावांचा फोन आला. मी मांडवात होतो. पाठवणी व्हायची होती. पंजाबराव माझ्या खांद्यावर हात ठेवून आपल्या छातीत बसवलेल्या दोन स्टेंटची कथा सांगत होते. कोणत्या सालची कोणती, नागपूरच्या कोणत्या डॉक्टरने कशी, सगळे. साठीच्या पुरुषाला ती पदकासारखी मिरवता येते, आणि आजूबाजूचे लोक कौतुकाने ऐकत होते.

भगवानराव म्हणाले, "मास्तर, राजूर घाटातून जीप वापस आणली. बुलढान्याच्या दवाखान्यात हावो. हिले लय घाम सुटला, उलटी झाली. डॉक्टर म्हनते हार्टचा झटका हाय, पन एवढ्या लहान बाईले कसा, ते पुसून राह्यले. जुना काही आजार, काही गोळ्या? ही जीपमंधी म्हनत होती, भाऊले इचारा, त्याच्याजोळ कागद हाय."

पंजाबरावांचा हात माझ्या खांद्यावर होता.

मी म्हणालो, "कसला कागद? तिची पित्तप्रकृती आहे. शतावरी घेते."

"हाव, शतावरी," भगवानराव म्हणाले. क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं. सांगतो तसं."

ते क्षणभराचे गप्प राहणे मला तेव्हा कळले नाही.

पाठवणी झाली. प्रेरणा रडली, मीही रडलो, चित्रणात ते उत्तम आले आहे. त्यानंतर मी घरी आलो, शब्दकोश उघडला, कागद काढला, आणि कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून बुलढाण्याला गेलो. पोहोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. तू गेली होतीस. डॉक्टर तरुण होते. त्यांनी उभ्या-उभ्या कागद वाचला. उलटून मागची बाजूही वाचली.

"हे तुमच्याकडे होतं?"

"होय."

"वाचलं होतंत?"

"होय."

"काय करता आपण?"

"शिकवतो."

नऊ वर्षांच्या चार गोळ्यांचेही मी सांगितले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मी काहीतरी बोललो असतो. त्यांनी मला विद्यार्थ्याला सांगावे तसे सांगितले. या आजारात शरीराचा दाह रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही लागतो. त्यात चरबीचे थर लवकर साचतात आणि कठीण होतात. वय छत्तीस असले तरी हृदयाच्या वाहिन्या साठी-सत्तरीच्या होऊ शकतात. त्यावर वर्षानुवर्षे स्टेरॉइडच्या चार गोळ्या दिल्या, तर रक्तदाब, साखर, चरबी सगळेच वाढते. आणि इतकी वर्षे त्या गोळ्या घेतलेल्या देहाला ऐन संकटात त्याच औषधाचा मोठा डोस टोचावा लागतो, नाहीतर रक्तदाब सावरत नाही. "आम्हाला वाटलं, पित्ताची बाई," ते म्हणाले. "सव्वाचारला कळलं असतं, तर ती वाचली असती असं मी म्हणत नाही. पण मला काय करायचं ते कळलं असतं."

वर्तमानपत्रातला मजकूर मलाच लिहावा लागला. भगवानराव म्हणाले, "चार ओळी तुमीच लिवा मास्तर, तुमाले जमते." मी लिहिले, 'अल्पशा आजाराने निधन'. नऊ वर्षांना अल्पसे म्हणणारा मी या जिल्ह्यातला पहिला माणूस नसेन. पण ते मोजून म्हणणारा बहुधा पहिलाच.

आता कालचे.

जेवणावळी आटोपल्या होत्या. पाहुणे पांगले. भगवानराव माझ्याजवळ येऊन बसले. बोडके डोके, मांडीवर पंचा. म्हणाले, "मास्तर, एक इचारू? तो कागद सोबत हाय काय?"

होता. तेरा दिवस तो माझ्या खिशातच आहे.

"तुमच्या डब्याचं मले पयल्याच वर्सी समजलं होतं," ते म्हणाले. "शतावरीतून गोळ्या निंघाल्या. मी एक गोळी मेडिकलवाल्याले दाखोली. त्यानं सांगितलं कायची हाय ते. आईलेही सांगितलं. आई म्हने, पोरगी लपवते तं लपवू द्या, लाजत असन. आपुन इचारू नये. तिले बिमारी हाय हे सगळ्या घराले ठाऊक होतं, मास्तर. कोनी काही म्हनलं काय तिले कधी?"

मी कागद खिशातून काढून मांडीवर ठेवला.

"दोनदा तिले दिवस गेले, दोनदा टिकले नाही. तवाही मी गप. मले वाटे, तिचा भाऊ एवढा शिकलेला. संस्कृत येते. चिखलीत मानसं त्याच्यापाशी कागद लिवून घ्याले येतात. तो काही बहिनीले चुकीच्या गोळ्या धाडन काय? तो पुसूनच धाडत असन, मोजूनच धाडत असन. फोनवर तुमी शतावरी म्हनले, तवा मी डॉक्टरले गोळ्यायचं सांगनार होतो. तोंडापर्यंत आलतं. पन म्हनलं, मास्तर नाही म्हनतात म्हंजे काही कारन असन. त्याह्यले जास्त समजते."

कोकिळे, मी आयुष्यात एकशे चौदा माणसांच्या विद्वत्तेचा गौरव केला. माझ्या विद्वत्तेचा गौरव हा एवढाच झाला.

"वाचा," ते म्हणाले. "तुमाले वाचता चांगलं येते. आईलेही ऐकू द्या."

रुख्मिणीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी कागदाची घडी उघडली आणि मीठ-उन्हाच्या पथ्याची मागची बाजू सोडून पुढची समोर धरली. औरंगाबादच्या डॉक्टरांनी तो मराठीत लिहिला होता, मोठ्या अक्षरात, ओळी सोडून. रुग्णासाठी लिहिला होता. मी सभेत वाचतो त्याच आवाजात वाचू लागलो, कारण मला दुसरा आवाज नाही.

"'रुग्ण कोकिळा, वय सत्तावीस. एक: पांढरी गोळी रोज चार, फक्त दीड महिना. त्यानंतर हळूहळू कमी करून रोज एक. चार कधीही चालू ठेवू नये. दोन: पिवळी गोळी बंद करू नये, तिने रक्तवाहिन्यांचेही रक्षण होते. तीन: या आजारात कमी वयातही हृदयविकार होतो. छातीत आवळले, दम लागला, जबडा किंवा हात दुखला, तर पित्त समजू नये. चार: लग्न करण्यास हरकत नाही. हा कागद माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे वाचून दाखवावा.'"

वाचून झाले. अंगणात कोणीतरी पातेली घासत होते. रुख्मिणीबाईंनी हात पुढे केला. मला वाटले, कागद मागतात. कागद त्यांनी घेतला नाही. त्यांनी माझ्यासमोर एक बोट धरले.

"म्हंजे चार नाही? एकच?"

"एकच," मी म्हणालो.

"एकच होती तं मले सांगाचं असतं," त्या म्हणाल्या. "मीनं देल्ली असती रोज तिच्या हातात. एकापर्यंत मले मोजता येते, मास्तर."

हिंमत